भाकणुकीचा अर्थ कोणी लावायचा?

— द्वितीय वर्ष, कला

आमच्या घराच्या ओट्यावर दरवर्षी चैत्रात एक परिषद भरते. तिला अध्यक्ष नसतो, सूत्रसंचालक नसतो आणि ठरावही होत नाहीत. आजी भिंतीला टेकून बसते, आण्णा पायरीवर, चुलते आणि शेजारचे चार-पाच जण जागा मिळेल तिथे. विषय एकच. जत्रेत झालेल्या भाकणुकीचा अर्थ काय? मी दहावीपर्यंत ही चर्चा आतून, चुलीपाशी बसून ऐकली. कॉलेजात आल्यापासून उंबऱ्यावर बसून ऐकते. या लेखाचा विषय मला ग्रंथालयात नव्हे, त्या उंबऱ्यावर सापडला.

ज्यांना ही प्रथा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. भाकणूक म्हणजे येत्या वर्षाचे भविष्य. काही गावांत तिला होईक म्हणतात. बिरोबाच्या ठाण्यावर ढोल वाजू लागतात, भंडारा उधळला जातो, भगताच्या अंगात वारे येते आणि त्या भरात तो चार-दोन वाक्ये बोलतो. ती वाक्ये आपल्या रोजच्या बोलीतली नसतात. त्यात ‘तांबडी रास’, ‘पांढरी रास’, ‘रसभांडं’, ‘धारण’ असे ठरलेले शब्द येतात. भगत बोलून मोकळा होतो. ‘म्हणजे काय?’ असे त्याला कोणी विचारत नाही. अर्थ लावण्याचे काम ऐकणाऱ्यांचे.

२०२३ च्या चैत्रात माझे चुलते आमच्या भागातील एका जत्रेहून परत आले आणि पाणी पिता पिता त्यांनी भाकणूक सांगितली. तांबडी रास मध्यम, पांढरी रास बरी, रसभांडं कडक. एवढेच. पण या एवढ्यावर रात्री अकरापर्यंत ओटा गाजत राहिला.

तांबडी रास म्हणजे गहू, असे आजीचे मत. चुलते म्हणाले, तूर. ज्यांनी त्या वर्षी मिरची लावायचे ठरवले होते त्यांना ती मिरचीच वाटली. पांढरी रास म्हणजे ज्वारी, याबद्दल मात्र कोणाचेच दुमत नव्हते. मला तेव्हा वाटले, हाच शब्द विदर्भातल्या ओट्यावर गेला तर तिथे त्याचा अर्थ कापूस होईल. म्हणजे शब्द तोच, पण ज्याच्या त्याच्या रानाप्रमाणे त्याचा अर्थ बदलणार.

खरा वाद झाला तो रसभांड्यावर. आण्णा म्हणाले, रसभांडं म्हणजे ऊस आणि कडक म्हणजे भाव कडक. बाजारात आपण म्हणतोच की, आज कांदा कडक आहे. शेजारचे दूधवाले म्हणाले, रसभांडं म्हणजे दूध. आजी बराच वेळ गप्प होती. शेवटी म्हणाली, “रस कडक कवा हुतो? वाळल्यावर. पाणी न्हाय मिळायचं, आसं म्हनतोय त्यो.” सगळे हसले. म्हातारीला नेहमी वाईटच दिसते, असे कोणीतरी म्हणाले.

आण्णांनी ऑगस्टमध्ये सव्वा एकर आडसाली ऊस लावला. पाऊस नव्हता, तरी लावला. आमची मोटर उजनीच्या फुगवट्यावर आहे, त्यामुळे पावसाने दगा दिला तरी धरण आहे, हा भरवसा. पुढे काय झाले ते आमच्या पट्ट्यात सर्वांना ठाऊक आहे. २०२३ चा ऑगस्ट हा देशात १९०१ पासून नोंदलेला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. उजनी त्या वर्षी भरलीच नाही. साठ टक्क्यांच्या आसपास येऊन थांबली. जानेवारीपासून पाणी मागे सरकू लागले आणि त्याच्यामागे आण्णा पाईप वाढवत गेले. एकदा वाढवले, दोनदा वाढवले, तिसऱ्यांदा उसने आणून वाढवले. एप्रिलमध्ये मोटर चिखलात बसली. मे महिन्यात उभा ऊस वाळला आणि जेवढा हिरवा होता तेवढा वैरणीला गेला.

त्याच जूनमध्ये मला कॉलेजात नाव घालायचे होते. आमच्या घरात बारावीच्या पुढे कोणी गेलेले नाही. नाव घालावे की एक वर्ष थांबावे, यावर दोन दिवस घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हते. तिसऱ्या दिवशी आजीने आपल्या दोन शेळ्या बाजारात पाठवल्या आणि ते पैसे माझ्या हातात दिले. मी या अंकात लिहिते आहे ते त्या दोन शेळ्यांमुळे.

पण मला लिहायचे आहे ते आण्णांच्या एका वाक्याबद्दल. वाळलेल्या उसाच्या बांधावर उभे राहून ते म्हणाले, “भाकणूक खरी हुती. आरथ माझा चुकला.”

हे वाक्य माझ्या मनातून जाईना. ऊस जळला होता, पैसा बुडाला होता आणि तरी भाकणुकीला धक्का लागला नव्हता. सगळा दोष आण्णांनी स्वतःकडे घेतला होता. असे का होते, याचा शोध घ्यावा म्हणून मी भाकणुकींविषयी मिळेल ते वाचू लागले, जाणत्यांना विचारू लागले.

पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की आमचा ओटा एकटा नाही. महाराष्ट्रात आणि सीमेपलीकडेही भविष्य सांगण्याच्या अशा अनेक रीती आहेत आणि त्यांचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात.

पहिला प्रकार बोललेल्या भविष्याचा. कोल्हापूर जिल्ह्यात हातकणंगले तालुक्यात पट्टणकोडोली येथे विठ्ठल-बिरदेवाची मोठी यात्रा भरते. तिथली भाकणूक सांगणारे फरांडेबाबा आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील अंजनगावाहून पायी चालत जातात. हातात तलवार घेऊन ते हेडाम खेळतात आणि पाऊस, धान्य, दर, रोगराई, राजकारण यांविषयी थोडक्या शब्दांत बोलतात. याहून थोडके बोलणे कर्नाटकातील मैलारचे. तिथला मैलारलिंग म्हणजे आपल्या जेजुरीच्या खंडोबाचेच रूप. आपल्याकडे वाघ्या तसा तिकडे गोरवय्या. हा गोरवय्या उंच धनुष्यावर चढतो, गर्दीला गप्प राहण्याची आरोळी देतो आणि कानडीत एकच वाक्य उच्चारून वरून अंग सोडून देतो. खालची माणसे त्याला झेलतात. या वाक्याला कार्णिक म्हणतात. एवढ्या जनसमुदायाने ऐकलेले ते एकच वाक्य. मग त्यात कोणी पाऊस शोधतो, कोणी पिके शोधतो, तर कोणी सरकार.

दुसरा प्रकार खुणेचा. बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळ गावी अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. मध्ये खड्डा, त्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे, त्यावर पाण्याचा करवा, वर पुरी, पापड, कुरडई असे पदार्थ आणि भोवती वर्तुळात अठरा धान्ये. रात्रभर तिथे कोणी फिरकत नाही. पहाटे जाऊन पाहायचे, की कोणते ढेकूळ किती भिजले, कोणते दाणे जागचे हलले. वाघ घराण्याकडे ही परंपरा आहे. सोलापूरला सिद्धेश्वराच्या यात्रेत, संक्रांतीच्या दिवसांत, होमविधीनंतर वासराची भाकणूक होते. दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासरापुढे धान्ये आणि फळे ठेवतात. ज्याला ते तोंड लावील ते महागणार. वासरू बिथरले तर काही आपत्ती येणार. इथे तर वाक्यही नाही. वासराची भूक आणि भीती एवढेच, आणि त्याचा अर्थ माणसांनी लावायचा.

तिसरा प्रकार गणिताचा, आणि तो प्रत्येकाच्या घरात खिळ्याला टांगलेला असतो. पंचांगात पावसाच्या नक्षत्रांपुढे वाहने दिलेली असतात. मृगाचे वाहन बेडूक, आर्द्राचे उंदीर, असे काहीतरी. बेडूक, म्हैस, हत्ती ही पाण्याची आवड असलेली जनावरे. ती आली की शेतकरी खूश. मला लहानपणी वाटे, कोणी ज्ञानी माणूस ढग पाहून ही जनावरे ठरवत असेल. वास्तविक ती भागाकाराने ठरतात. सूर्य नव्या नक्षत्रात शिरतो त्या वेळी सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचे, येईल त्या संख्येला नवाने भागायचे आणि बाकी उरेल त्याप्रमाणे नऊ जनावरांतून एक घ्यायचे. ढगांना, वाऱ्याला कोणी विचारतच नाही. शिवाय कोकणातल्या चिपळूणला जो हत्ती तोच आमच्या इंदापूर तालुक्यालाही. चिपळूणला धो धो पाऊस आणि आमच्याकडे पाटाची वाट, तरी वाहन एकच!

हे सर्व पाहिल्यावर भाकणूक खोटी का ठरत नाही, हे मला हळूहळू उमगू लागले. तिच्यात शब्द असतात, पण मोजमाप नसते. ‘मध्यम’ म्हणजे एकरी किती पोती? ‘कडक’ म्हणजे महाग की वाळलेले? तिच्यात ठिकाण नसते, त्यामुळे इथे नाही तर कुठेतरी ती खरी होतेच. तिच्यात मुदतही नसते. आज नाही झाले तर पुढे होईल. त्यात आपली स्मरणशक्ती भाकणुकीच्या बाजूची. जमलेली गोष्ट आपण दहा जणांना सांगतो, फसलेली कोणी सांगत नाही. आणि सर्वांत मोठे कारण आण्णांच्या वाक्यात आहे. चुकलाच, तर अर्थ चुकतो, वाक्य नाही. जे वाक्य कधीच चुकू शकत नाही, त्याने आपल्याला सांगितले तरी काय?

आमच्या इतिहासाच्या सरांना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी ग्रीकांची एक गोष्ट सांगितली. लिडियाचा राजा क्रीसस याने इराणी राजा सायरसवर चालून जाण्याआधी डेल्फीच्या देवस्थानाला कौल लावला. उत्तर आले, की तू चालून गेलास तर एक मोठे साम्राज्य लयाला जाईल. राजा आनंदाने निघाला. इसवी सनापूर्वी ५४६ च्या सुमारास साम्राज्य लयाला गेले, पण ते त्याचे स्वतःचेच. हिरोडोटस सांगतो, की क्रीससने पुढे तक्रार केली तेव्हा देवस्थानाने त्याला उलट बजावले, कोणते साम्राज्य हे तू विचारायला हवे होतेस. ही गोष्ट ऐकताना मला बांधावर उभे असलेले आण्णा दिसले. अडीच हजार वर्षांपूर्वीचा राजा आणि आमचे सव्वा एकरवाले आण्णा, दोघांचीही चूक एकच ठरली होती, अर्थ लावण्याची.

मग भाकणूक निव्वळ टाकाऊ आहे का? मला तसे म्हणवत नाही. आजीचे माहेर मेंढरे राखणाऱ्यांचे. ती सांगते, की जत्रेत चार जिल्ह्यांचे मेंढके एकत्र यायचे. कुठे चारा आहे, कुठले ओढे आटले, कुठे जनावरांत रोग आहे, हे सगळे तिथेच कळायचे. वर्तमानपत्र नव्हते, रेडिओ नव्हता. जत्रा हेच वर्तमानपत्र. आणि भाकणुकीच्या निमित्ताने पेरणीच्या आधी अख्खे घर एकत्र बसून पुढच्या वर्षाचा विचार करते, ही गोष्ट लहान नाही. आजीने रसभांड्याचा जो अर्थ सांगितला तो भगताच्या वाक्यातून आला असे मला वाटत नाही. तो तिने पाहिलेल्या १९७२ च्या दुष्काळातून आला. भाकणुकीने तिला फक्त बोलायची संधी दिली. आम्ही तिचे ऐकले नाही, हा दोष भाकणुकीचा नव्हे.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या चैत्रात, मी एक प्रयोग केला. त्या जत्रेत भगताने सांगितले होते, की पाऊस पाहुण्यासारखा येईल. चुलत्यांनी ते मोबाइलवर उतरवून आणले होते, त्यामुळे शब्दांबद्दल वाद नव्हता. मी दोनशे पानी वही काढली आणि ओट्यावरच्या प्रत्येकाला विचारून त्याचा अर्थ, नाव आणि तारीख लिहून घेतली. नऊ जणांनी अर्थ दिले. तिघे म्हणाले, पाहुणा दिवस मावळताना येतो, म्हणजे पाऊस उशिरा. दोघे म्हणाले, पाहुणा दोन दिवस राहून जातो, म्हणजे पाऊस थोडा. एक म्हणाले, पाहुण्याला भरपूर वाढावे लागते, म्हणजे पाऊस भरपूर. एक म्हणाले, पाहुणा परगावचा, म्हणजे वादळाचा पाऊस. एकांचे म्हणणे, पाहुणा दुसऱ्याच्या घरी जाईल. आजी म्हणाली, “पाव्हना मुक्कामाला ऱ्हायला की कणगी रिकामी करतो. ह्यो पाऊस पीक खाईल.” आण्णांनी मात्र नाव घालू दिले नाही. “माझा आरथ नको लिहू,” म्हणाले आणि उठून गेले.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, मृगाला अजून बारा-तेरा दिवस असताना, बारामती-इंदापूर भागाला पावसाने झोडपून काढले. दुसऱ्या दिवशी ओट्यावर एकच गलका. पाहुणा म्हणजे अतिथी. तिथी न सांगता येतो तो अतिथी! आम्ही हेच म्हणत होतो! मी वही उघडली. ‘पाऊस लवकर येईल’ असे नऊ जणांपैकी एकानेही सांगितले नव्हते. उशिरा येईल म्हणणाऱ्या तिघांपैकी एक मनापासून हसले, एक गप्प राहिले आणि तिसरे माझ्यावर चिडले. तू लिहिताना चुकलीस, म्हणाले.

पुढे सप्टेंबरात अतिवृष्टीने मराठवाड्यात आणि सोलापूर जिल्ह्यात सीनाकाठी उभी पिके नेली, तेव्हा आजीचा अर्थ खरा ठरला असे आमच्याकडे सगळे म्हणू लागले. मला आजीचा अभिमान आहे, पण वहीचा नियम तिलाही लागू केला पाहिजे. नऊ दिशांना नऊ धोंडे मारले तर एखादा आंबा पडतोच.

त्याच वहीत शेजारच्या रकान्यात मी हवामान खात्याचा अंदाज लिहिला होता. खाते एप्रिलमध्ये देशभराच्या पावसाळ्याचा अंदाज देते आणि तो आकड्यात देते. जून ते सप्टेंबर मिळून ८७ सेंटीमीटर ही सरासरी. तिच्या किती टक्के पाऊस पडेल हे सांगायचे आणि अंदाज पाच टक्के इकडे-तिकडे होऊ शकतो हेही सांगायचे. २०२३ ला ते ९६ टक्के म्हणाले, पडला ९४. २०२४ ला १०६ म्हणाले, पडला १०८. २०२५ ला १०५ म्हणाले, पडला १०८. मला या आकड्यांपेक्षा ते ‘पाच टक्के इकडे-तिकडे’ आवडले. आपण कुठे चुकू शकतो हे जो आधी सांगतो, त्याला नंतर जाब विचारता येतो.

अर्थात तो आकडा देशाचा. आमच्या शिवाराला तो पुरत नाही, कारण आमचे पाणी आमच्या आभाळातून येतच नाही. इंदापूर तालुका पर्जन्यछायेचा. उजनी भरते ती सह्याद्रीकडच्या पावसाने, भीमा, घोड आणि मुळा-मुठा यांच्या पाण्याने, वरची धरणे भरून सुटली म्हणजे. तेव्हा ऊस लावायचा की नाही हे पळसदेवच्या ढगांकडे किंवा पंचांगातल्या हत्तीकडे पाहून ठरत नाही. ते ठरते वरच्या धरणांच्या आणि उजनीच्या टक्केवारीने, आणि ती रोज वर्तमानपत्रात येते.

पण ही टक्केवारीसुद्धा आमच्या ओट्यावर भाकणुकीसारखीच गूढ होती. २०२४ च्या जूनमध्ये उजनी उणे साठ टक्क्यांच्या जवळ गेली. ‘धरण मायनसमध्ये’ हे शब्द सगळे उच्चारत होते, पण रिकाम्याहून रिकामे धरण कसे असते, हे कोणालाच सांगता येत नव्हते. मी हिशेब करून दाखवला. उजनीत एकूण पाणी मावते सुमारे ११७ टीएमसी. त्यातले तळाचे सुमारे ६३ टीएमसी हा मृतसाठा. तो हिशेबात धरत नाहीत. वरच्या साधारण ५४ टीएमसीला शंभर टक्के म्हणतात. शून्य टक्के म्हणजे वरचे संपले. उणे साठ म्हणजे मृतसाठ्यातूनही सुमारे ३२ टीएमसी गेले. आण्णांनी हे दोनदा विचारून घेतले. मग म्हणाले, ऑक्टोबरातच साठ टक्के होते म्हणजे तेव्हाच ३२ टीएमसीच होते की! मी म्हटले, हो.

आमच्या गावाला आणखी एक खूण आहे. जुने पळसदेव उजनीच्या पाण्यात गेले. आजी सून म्हणून ज्या घरात आली ते घर आज पाण्याखाली आहे. तिथले पळसनाथाचे दगडी मंदिर मात्र पाणी उतरले की वर येते. आधी शिखर, मग हळूहळू खालचा भाग. २०२४ च्या उन्हाळ्यात माणसे पायी मंदिरापर्यंत जात होती. बाहेरगावचे लोक फोटो काढायला येत आणि मंदिर वर आल्याचा अर्थ काय, असे आम्हालाच विचारत. कोणी त्यात कोप पाहिला, कोणी कृपा. आजी देवाला हात जोडून आली आणि म्हणाली, “अर्थ कसला? पाणी गेलंय.” मला तर वाटते, साऱ्या भाकणुकींत ही एकच अशी आहे जिचा अर्थ लावावा लागत नाही. किती पायऱ्या उघड्या पडल्या ते मोजायचे.

दिवाळीत घर सारवताना वही आण्णांच्या हाती लागली. ते चौथीपर्यंत शिकलेले. बोट ठेवून त्यांनी नऊही अर्थ सावकाश वाचले. शेजारचा रकाना वाचला. मग वही माझ्याकडे देत म्हणाले, “औंदा पैलं नाव माझं घाल. आन् म्होरं धरणाचा आकडा बी लिही.”

चैत्राला अजून अवकाश आहे. मी वहीत नवे पान आखून ठेवले आहे.